बाजेवरचा ढाबा

माझ्या हातची शेवभाजी खाऊन एक सरदारजी ड्रायव्हर कनेरगाव नाक्यापासून अकोल्यापर्यंत रडत गेला होता. तिखटानं नव्हे, घरची आठवण येऊन. तिखटाचं रडणं त्याला अकोल्याच्या पुढं सुरू झालं, कारण आमच्या रश्श्याचं तिखट जरा सावकाश चढायचं. ही गोष्ट मी सांगायला लागलो की आमच्या सरूबाई चुलीकडून म्हणतात, "मागल्या दिवाळीत तर तो वाशीमलाच थांबला होता." आता ट्रक आहे, पुढं जाणारच. बायकोला एवढं कळत नाही.

हिंगोली–वाशीम रस्त्यावर भट्टीपुढं माझी उभी हयात गेली. म्हणून या अंकासाठी माझ्याकडं ट्रकवाल्यांच्या आठवणी मागितल्या गेल्या. पण खरं सांगू का, ट्रकवाला हे सगळ्यात सोपं गिऱ्हाईक. भूक घेऊन येतो, जेवतो, ढेकर देतो, जातो. माझ्या धंद्याची खरी परीक्षा झाली ती ढाबा पुतण्याच्या हवाली करून, गुडघे धरत हिंगोलीला मुलाकडं राहायला आल्यावर. तिथं मला जे गिऱ्हाईक भेटलं ते बालवाडी ते तिसरी या वयातलं होतं. त्याला भूक नसते, त्याला वेळ नसतो, आणि त्याच्या तोंडात घास गेला तरी तो आत जाईलच याची खात्री देव देत नाही.

पहिलं गिऱ्हाईक घरातलंच, नातू विराज. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले, दिवेलागणीला दमून घरी येणार. पोरगं शाळेतून येऊन शिकवणीला जाणार, तिथून येऊन गृहपाठाला बसणार, आणि सकाळी पुन्हा रिक्षाचा भोंगा. मधल्या त्या तासाभरात आमच्या गल्लीत कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती, नुसती पुडे फाडल्याची कुरकुर. पुड्यातल्या शेवया, पुड्यातली कुरकुरी, पुड्यातलं काहीतरी पिवळं. मी सुनेला म्हणालो, "उद्यापासून संध्याकाळचा गल्ला मी सांभाळतो."

पहिल्याच दिवशी मी विराजला ढाब्याची शेवभाजी वाढली. हात कसा राखून टाकला होता, मलाच माहीत. पोरानं एक घास घेतला, आणि अंगणातल्या टाकीचं पाणी निम्म्यावर आलं.

सरूबाई म्हणाल्या, "अहो, लेकरू हाय ते, ट्रक न्हाई."

त्या दिवशी मी भट्टीची शपथ घेतली. ज्या माणसानं हळदीच्या लोडिंगवाल्या अख्ख्या रांगेला एका कढईवर जेवू घातलं, तो एका वीतभर पोराला हरणार नाही.

बाहेरच्या माणसाला ढाब्याचं एक गुपित माहीत नसतं, ते इथं फुकटात सांगतो. तुम्ही खाटेवर बसून ऑर्डर देता आणि पाणी पिईपर्यंत ताट येतं, तेव्हा तुम्हाला वाटतं आचारी वाऱ्यासारखा आहे. आचारी वारा-बिरा काही नसतो. त्यानं निम्मा स्वयंपाक सकाळीच उरकलेला असतो. डाळ शिजलेली, कांदा परतलेला, कणीक मुरलेली. ऑर्डर आल्यावर तो फक्त दोन गोष्टी एकत्र करतो आणि भरपूर आवाज करतो. आवाजानं गिऱ्हाईकाला धीर येतो.

हेच मी घरात आणलं. सकाळी सगळे गेले की मुगाची डाळ आणि लाल भोपळा एकत्र शिजवून ठेवायचा. हिरवे मूग एका फडक्यात मोड यायला बांधायचे. ज्वारीच्या कण्या भाजून डब्यात. शेंगदाण्याचं कूट, तीळ, जवस वेगवेगळ्या बरण्यांत. मग संध्याकाळी मोड आलेले मूग वाटले की धिरडं, डाळीला लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन त्यात कणकेचे तुकडे सोडले की वरणफळं, पिठात मेथी आणि दही कालवलं की धपाटं. कण्यांना उकळी आली की वरून ताक. हे सगळं इतक्या लवकर होतं की एकदा विराजनं भूक लागली म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच तोंडात मी घास घातला. त्याचं वाक्य अजून अर्धंच आहे.

पण जेवण तयार असणं आणि जेवण पोटात जाणं यांच्यात कयाधू नदी आडवी आहे, आणि तिला पूर आलेला आहे. भोपळा दिसला की पोरगं तोंड फिरवायचं. सुनेनं सुचवलं, वाटून लपवा. मी लपवत नाही. ढाब्यावर भाजी लपवली तर गिऱ्हाईक ट्रक अंगावर घालतं. मी उलटा डाव टाकला. अंगणात सुतळीची बाज टाकली, तिच्यावर आडवी फळी ठेवली, अगदी नाक्यावर असते तशी. विराजला मांडी घालून बसवलं, खांद्यावर फडकं टाकलं आणि ओरडलो, "बोला मालक! काय आणू? मूग-डोसा, मेथी-धपाटा, भोपळा-फ्राय, कणी-ताक स्पेशल!"

पोरगं बघतच राहिलं. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी विचारलं होतं. मांडीवर हात ठेवून म्हणालं, "भोपळा-फ्राय. अन् जल्दी करा, गाडी उभी हाय."

आठवडा उलटायच्या आत बाजेवर जागा उरली नाही. गल्लीतली पोरं आपापल्या घरची थाळी-वाटी घेऊन यायची, आया डाळ-पीठ आणून द्यायच्या. एक पोरगं फक्त पांढरं खायचं. त्याला मी म्हणालो, आमच्या ढाब्यावर पांढरी गाडी हिरव्या सिग्नलशिवाय सुटत नाही. तेव्हापासून ते भाताच्या प्रत्येक घासाआधी मेथीचं एक पान गिळू लागलं. त्याची आई मला देव मानते. मी नको म्हणत नाही.

आता आरोहीची गोष्ट.

आमच्या वरच्या खोल्यांत शीला राहायची. बसवर कंडक्टर, हिंगोली–सेनगाव–गोरेगाव फेरीवर. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्याकाठी येणारा. मुलगी आरोही दुसरीत. शाळा सुटल्यावर पोर आमच्याकडं असायची, आणि शीला अंधार पडल्यावर खाकी कपड्यात, गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवून जिना चढायची. आवाज बसलेला, पाय सुजलेले. शीलानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, तिच्या संध्याकाळच्या खाण्याचं बघा. मी येईपर्यंत लेकरू पेंगून राहते."

आरोही म्हणजे शहाणं गिऱ्हाईक. कुरकुर नाही, सांडणं नाही. बाजेच्या कडेला बसायची, थोडं खायची, मग ताटावर दुसरी थाळी पालथी झाकून म्हणायची, "आजोबा, बाकीचं वर जाऊन खाते. इथं विराज हसवून राहिला." आणि दोन्ही हातांनी ताट धरून जिना चढायची, जसा काही त्यात निखारा आहे. सकाळी ते ताट परत यायचं ते घासून-पुसून लखलखीत. मी सगळ्या गल्लीला दाखवायचो. "बघा, याला म्हणतात हात! पोरगी ताट चाटून खाते!"

ज्येष्ठ सरता सरता शीलाच्या सासूबाई त्यांच्या डोंगरकडा गावाहून आल्या, केळीचा घड डोक्यावर घेऊन. नातीला उजेडात उभं केलं, दंडाला चिमटीत धरलं, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्ये काय? कापसाची वाळकी पळाटी बरी हिच्यापरीस! शीला, तुझी नोकरी तुला लखलाभ. मी पोळ्याला परत येते. तवर पोरीच्या अंगाला मांस लागलं न्हाई, तर तिला डोंगरकड्याला घेऊन जाते. तिथल्या शाळंत घालते. घरचं दूध पिऊन टुणटुणीत हुईल."

 सासूबाई जिना उतरून गेल्यावर शीला तिथंच पायरीवर बसली. म्हणाली, "काका, पोरगी तिकडं गेली तर म्या हितं काहून राहायचं? नोकरी सोडून मागं जावं लागंल. ह्या नोकरीसाठी किती धडपडले, मलाच ठाऊक."

मी म्हणालो, "बाई, पोळ्याला तुझ्या सासूला ही पोरगी उचलून दाखवायला लावतो. कंबर धरून खाली बसली नाही, तर मी नाक्यावर पुन्हा भांडी घासीन."

आणि मग मी पेटलो. धिरड्यात तीळ वाढवले, वरणफळांवर तुपाची धार धरली. भाकरी लहान होती ती मोठी केली. सोबत गूळ-शेंगदाण्याची वडी, मोडाच्या मटकीची उसळ, ताकातली अंबाडी. आरोहीचं ताट इतकं भरायला लागलं की जिन्यावरून ती चढायची तेव्हा ताटामागं फक्त दोन वेण्या दिसायच्या. रोज ताट लखलखीत परत. आणि पोरगी? जशीच्या तशी. उलट मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकायची.

मला झोप लागेना. सरूबाई म्हणाल्या, "जंत असतील." दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, पोरगी ठणठणीत आहे, नीट जेवू घाला. नीट जेवू घाला! हे मला सांगितलं! मी तिथंच खुर्ची उचलणार होतो, पण खुर्ची लोखंडी निघाली.

मध्यंतरी एक चमत्कार मात्र मी पाहत होतो आणि त्याचा अर्थ लावत नव्हतो. शीलाची तब्येत सुधारत चालली होती. गालावर रंग आला, आवाज सुटला, खाकी शर्टाची बटणं ताणायला लागली. मी सरूबाईंना म्हणालो, "बसच्या हवेनं बरं वाटून राहिलं तिला."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई हजर, पुन्हा केळीचा घड घेऊन. बाजेवर पोरं बसलेली, माझ्या खांद्यावर फडकं. शीलाची ड्यूटी त्या दिवशी लवकर सुटली होती, ती नुकतीच फाटकातून आत आली होती. सासूबाईंनी आधी नातीला पाहिलं, मग सुनेला पाहिलं, मग पुन्हा नातीला.

"व्वा!" त्या म्हणाल्या. "पोरगी वाळून राहिली अन् सून फुगून राहिली! भाऊ, तुमी कुणाला खाऊ घालून राहिले?"

मी ताठ झालो. "आक्का, रोज भरलं ताट जातं. सकाळी चाटूनपुसून येतं. गल्लीला विचारा."

तेव्हा शीला बोलली. "काका, ती खात न्हाई. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई मी. रोज निम्म्याच्या वर टाकते. मला म्हणते, आई, मला जात न्हाई, तू खा. मग काय अन्न फेकू? मी खाते. ताट मीच घासते."

"म्हंजी लेकराच्या तोंडचा घास खाती तू!" सासूबाई कडाडल्या. "चल गं आरोही, पिशवी भर. सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊ."

 माझ्या कानात मात्र एकच शब्द. टाकते. माझं अन्न. सरदारजी अकोल्यापर्यंत रडला त्या हातचं. मी बाजेपाशी गेलो. आरोहीनं नुकतीच ताटावर थाळी पालथी घातली होती, तिच्यावर दोन्ही हात ठेवून ती बसली होती. मी म्हणालो, "काढ बरं बाळा झाकण. बघू दे आजोबाला."

इथं थोडं थांबून धंद्याची एक गोष्ट सांगावी लागेल. ढाब्यावर उष्टं ताट घासायला जाण्याआधी आचाऱ्यानं ते बघायचं असतं. रस्सा उरला तर मीठ चुकलं. भाकरीच्या कडा उरल्या तर भाजणी कच्ची. सगळं चिवडून, कालवून उरलं तर समजावं गिऱ्हाईक परत येत नाही. पण एक ताट वेगळं असतं. लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतात. एक जेवायला उतरतो, दुसरा आत झोपलेला असतो. उतरलेल्याला घाई असते, किंवा त्याचा जीव अवघडलेला असतो, तेव्हा तो आपल्याच ताटात जोडीदाराचा वाटा काढतो. भाकरीची घडी घालतो, भाजी घडीच्या आत, चटणी कडेला, कांदा वर. त्या ताटाला कुणी हात लावायचा नाही. आचाऱ्यानं फक्त विचारायचं, जोडीदार कुठंय? आणि त्याच्यासाठी ताजं ताट गरमागरम पाठवायचं, म्हणजे बाजेवरच्याला आपलं ताट पुरतं संपवता येतं. हा नाक्याचा कायदा. तो मोडणाऱ्याची भट्टी पेटत नाही.

आरोहीनं झाकण उचललं.

भाकरीची घडी घातलेली होती. मेथी घडीच्या आत. शेंगदाण्याची चटणी कडेला, तिला भाजीचं पाणी लागू नये म्हणून मधे गुळाच्या वडीचा बांध. धिरडं एका बाजूला गुंडाळून ठेवलेलं. एक कण इकडचा तिकडं नाही. तिनं खाल्लं होतं ते ताटाच्या एका कोपऱ्यातलं, चिमणीनं खाल्ल्यासारखं. बाकी सगळं नीट लावलेलं होतं, लांबच्या गाडीसाठी.

टाकलेलं ताट मी अंधारात ओळखतो. हे टाकलेलं नव्हतं.

मी उकिडवा बसलो. गुडघ्यांनी आवाज केला, तो वसमतपर्यंत गेला असेल. आणि नाक्यावर विचारतात तसंच विचारलं, "जोडीदार कुठंय?"

आरोहीनं आईकडं पाहिलं नाही. ताटाकडं बघतच म्हणाली, "बसवर."

"मग त्याच्यासाठी राखलं व्हय?"

तिनं मान हलवली. मग हळूच, फक्त मला सांगितल्यासारखं म्हणाली, "म्या सगळं खाल्लं का आई नुसता चहा अन् टोस खाऊन झोपते. उरलं का खाते. फेकायचं नसते म्हणते."

सरूबाईंनी पदर तोंडाला लावला. शीला फाटकाशी उभी होती, तिचा हात गळ्यातल्या मशीनवर तसाच राहिला. सासूबाई नातीच्या दंडाकडं बघत राहिल्या. 

मी उठलो. रडायला वेळ नव्हता, भट्टी पेटलेली होती. "कंडक्टर!" मी ओरडलो. "तिथं काय उभ्या? बसा बाजेवर. पोरीच्या समोर. गाडी डेपोत लागली, जेवणाची सुट्टी झाली."

"काका, मी वर जाऊन काहीतरी..."

"वर काही नाही. आजपासून या ढाब्यावर एकट्याचं ताट निघणार नाही. जोडीदाराचं ताट आधी, तेही ताजं. पोरं, सरका!"

पोरं सरकली. बाज कुरकुरली. शीला फळीच्या पलीकडं, खाकी कपड्यातच, मांडी घालून बसली. मी डाळीला फोडणी मारली, कण्या उकळत टाकल्या, धिरडं उलटलं, भाकरी थापली. सकाळीच निम्मा स्वयंपाक झालेला असल्यावर हात कसा चालतो ते त्या दिवशी गल्लीनं पाहिलं. चार हात दिसत होते म्हणतात. मी दोनच वापरले होते.

सासूबाई अजून उभ्याच होत्या. मग त्यांनी केळीचा घड खाली ठेवला, पदर खोचला आणि चुलीपाशी येऊन सरूबाईंना म्हणाल्या, "सरका वो. भाकरी म्या थापते. तुमच्या मालकाला गोल येत न्हाई."

गोल येत नाही! पण मी त्या दिवशी सोडून दिलं. आणि त्यांनी पहिली भाकर सुनेच्या ताटात टाकली. टाकताना म्हणाल्या, "तुला कुणी उपाशी राहाय सांगितलं होतं गं? चहा-टोस खाती म्हणं." आवाज तोच होता, पण पाटा घासून गुळगुळीत व्हावा तसा झाला होता.

आरोही जेवत नव्हती. ती पाहत होती. आईनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, वाटीतली डाळ भाकरीवर ओतली. पोरगी त्या हाताच्या येण्याजाण्याकडं बघत होती, जसा ड्रायव्हर आरशात मागची गाडी बघतो. शीलाची अर्धी भाकर संपली, आणि सासूबाईंनी न विचारता दुसरी टाकली. तेव्हा आरोहीनं आपल्या ताटातली घडी उलगडली. मेथी पसरली. आणि खाल्लं. चिमणीसारखं नाही, हळदीची गाडी भरून आलेल्या हमालासारखं. धिरडं गेलं, चटणी गेली, गुळाचा बांध फुटला. बोटानं ताट पुसलं. मग तिनं हात वर केला, एक बोट उभं धरलं आणि नाक्यावरच्या ड्रायव्हरच्या आवाजात ओरडली,

"आजोबा, एक गरम!"

ही हाक मी आयुष्यात किती वेळा ऐकली असेल, रस्त्यावरच्या दगडांना विचारा. तरी मी गुडघे विसरून तव्याकडं वळलो. सासूबाईंनी भाकर थापून दिली, मी ती निखाऱ्यावर उभी धरली. आणि सांगतो, ती भाकर अशी फुगली, अशी फुगली की अंगणात उजेड पडला. पापुद्रा वर गेला, छपराला टेकला, कौलं उचलली गेली. कनेरगाव नाक्यावर पुतण्याला तो दिसला म्हणे, त्याला वाटलं हिंगोलीवर चंद्र उगवला.

सरूबाई म्हणतील, पोळा अवसेला असतो, त्याच्या आदल्या दिवशी कसला आलाय चंद्र. त्यांचं ऐकू नका. आरोहीला विचारा. ती इथंच आहे, त्याच शाळेत, आमच्याच वरच्या खोल्यांत. तो पापुद्रा तिनंच बोटानं फोडला, वाफ उडाली ती तिच्याच तोंडावर, आणि त्यातला निम्मा तोडून तिनं फळीच्या पलीकडं ठेवायला हात पुढं केला, तेव्हा आईचं ताट भरलेलं होतं. मग तिनं तो स्वतःच खाल्ला.